डिव्हिजन टू सोडून डिव्हिजन वनमध्ये जावं का? खर्च कुठे वाढतो आणि तो कोण भरतो

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं एक सरकारी विद्यापीठ. सुमारे ८,००० विद्यार्थी, खेळ एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची नियामक संघटना) डिव्हिजन टूमध्ये, म्हणजे तीन पातळ्यांपैकी मधल्या पातळीवर, १० संघ, (अमेरिकन) फुटबॉल नाही. प्रेसिडेंट आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टर यांना डिव्हिजन वनमध्ये जायचं आहे. विचारणारे मराठी प्राध्यापक फॅकल्टी सिनेटच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या प्रतिनिधी सभेच्या, बजेट समितीवर आहेत. त्यांच्यासमोर सल्लागार कंपनीचा अहवाल आहे आणि महिन्याभरात समितीला मत द्यायचं आहे. जावं का, आणि अहवालात नेमकं काय बघावं?

एवढ्या आकाराच्या विद्यापीठाने सहसा जाऊ नये. 'हो' म्हणायचंच असेल तर तीन गोष्टी एकदम जमून यायला हव्यात: बसने जाता येईल अशा अंतरावरच्या विद्यापीठांच्या कॉन्फरन्सचं (आपापसात नियमित सामने खेळणाऱ्या गटाचं) लेखी निमंत्रण, ज्यांच्या खिशातून पैसे जाणार त्या विद्यार्थ्यांची मतदानाने मिळालेली संमती, आणि संघ दहा वर्षं एकही मोठी स्पर्धा जिंकला नाही तरी दरवर्षीची तूट सोसण्याची ताकद. यातली एक जरी नसेल तर अहवाल कितीही देखणा असो, सही करू नये.

एनसीएएच्या तीन डिव्हिजन १९७३ पासून आहेत. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही. डिव्हिजन टूमध्ये ती सहसा तुकड्यातुकड्यांनी वाटली जाते, कुणाला निम्मी, कुणाला पाव. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेहून जास्त विद्यापीठं आहेत, पण ती एका मापाची नाहीत. ओहायो स्टेटचा क्रीडाखर्च वर्षाला २५ कोटी डॉलरच्या वर जातो, फुटबॉल नसलेला लहान सदस्य दोन कोटींच्या आसपास चालवतो. मार्च महिन्यात बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत टीव्हीवर जो झगमगाट दिसतो तो बहुतांशी वरच्या पन्नास-साठ संस्थांचा. तुमच्या अहवालात तुलनेसाठी घेतलेली विद्यापीठं आधी बघा. त्यात अशी बडी नावं असतील तर ते पान बाजूला ठेवा. तुमची तुलना त्या कॉन्फरन्सच्या खालच्या निम्म्या सदस्यांशी व्हायला हवी, कारण नवा सदस्य पहिली काही वर्षं बहुधा तिथेच असतो.

आता कॉन्फरन्स. २००७ मध्ये एनसीएएने डिव्हिजन वनमध्ये येणाऱ्यांची रांग चार वर्षं थांबवली. दरवाजा पुन्हा उघडला तेव्हा नवी अट आली: आधी एखाद्या डिव्हिजन वन कॉन्फरन्सचं खरंखुरं निमंत्रण, मगच अर्ज. म्हणजे तुम्ही एनसीएएकडे जाता ते कॉन्फरन्सचं बोट धरून, आणि प्रवास, टीव्ही, प्रतिस्पर्धी, पैशाची वाटणी हे सगळं त्या एका निवडीत ठरून जातं. मिडवेस्टमध्ये साधारण तीन नावं पुढे येतात. ओहायो व्हॅली कॉन्फरन्समध्ये लिंडनवूड आणि सदर्न इंडियाना २०२२ मध्ये डिव्हिजन टूमधूनच आले. तिथले बरेचसे प्रवास बसने होतात. हॉरायझन लीग मुख्यतः मोठ्या शहरांतल्या आणि शहरांलगतच्या विद्यापीठांची. समिट लीग मात्र फार्गोपासून टल्सापर्यंत पसरलेली, तिथे विमानाशिवाय भागत नाही.

हा फरक किती पडतो ते व्हॉलीबॉलच्या एका फेरीवर बघा. खेळाडू, कोच, ट्रेनर मिळून २२ माणसं. चार तासांच्या अंतरावर बसने गेलात, एक रात्र राहिलात: बस ४,५०० डॉलर, ११ खोल्या १३० डॉलरने १,४३०, माणशी ६० डॉलरने दोन दिवसांचं जेवण २,६४०. एकूण ८,५७०. हीच फेरी विमानाने, दोन रात्री: तिकिटं ५०० डॉलरने ११,०००, खोल्या १५० डॉलरने ३,३००, तीन दिवसांचं जेवण ३,९६०, तिथली बस २,५००. एकूण २०,७६०. फरक १२,१९०. डिव्हिजन वनला लागणारे किमान चौदा संघ आणि प्रत्येकाच्या अशा पाच फेऱ्या धरल्या तर वर्षाला साडेआठ लाख डॉलर नुसत्या भूगोलापोटी जातात, आणि त्यातून एकही खेळाडू सुधारत नाही. शिवाय मंगळवार-बुधवारचे वर्ग बुडतात ते वेगळंच. सिनेट सदस्य म्हणून तुम्ही ते विचारलंच पाहिजे.

कॉन्फरन्स टिकेल का, हाही प्रश्न आहे. वेस्टर्न अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्समध्ये टार्लटन स्टेट आणि आजचं युटा टेक २०२० मध्ये आले. २०२३ मध्ये न्यू मेक्सिको स्टेट आणि सॅम ह्यूस्टन तिथून गेले, २०२५ मध्ये ग्रँड कॅनियन आणि सिअ‍ॅटल गेले. ज्यांच्या शेजारासाठी घर घेतलं ते शेजारीच निघून गेले. शिकागो स्टेटने तीच कॉन्फरन्स २०२२ मध्ये सोडली आणि २०२४ मध्ये नॉर्थईस्ट कॉन्फरन्समध्ये जाईपर्यंत दोन हंगाम कुठल्याही कॉन्फरन्सशिवाय काढले. म्हणजे जिथे कुणी बोलावेल तिथे जाऊन खेळायचं. म्हणून निमंत्रणाच्या पत्रात बाहेर पडण्याची फी किती, नोटीस किती वर्षांची, प्रवेशाची फी किती, आणि नव्या सदस्याला पूर्ण वाटा कोणत्या वर्षापासून मिळणार, हे चारही मुद्दे वाचा. हे पत्र समितीला दाखवत नसतील तर मत देऊ नका. आणि आत्ताची कॉन्फरन्स सोडताना तिलाही पैसे भरावे लागतात. ती रक्कम अहवालातून बऱ्याचदा गळालेली असते.

निमंत्रणानंतर अर्ज. डिव्हिजन टूमधून येणाऱ्याला एनसीएएकडे १५ लाख डॉलरहून जास्त फी भरावी लागते. मग संक्रमणाचा काळ. तो अनेक वर्षं चार वर्षांचा होता. जानेवारी २०२५ मध्ये नियम बदलला आणि ठरलेले शैक्षणिक निकष पाळणाऱ्यांसाठी तो तीन वर्षांवर आला. या काळात तुम्ही डिव्हिजन वनचं वेळापत्रक खेळता, खर्च डिव्हिजन वनचा करता, पण एनसीएएच्या अंतिम स्पर्धांना पात्र नसता. दर वर्षी प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो आणि एखादी अट हुकली तर वर्ष वाया जाऊ शकतं.

या अटीचा फटका काय असतो? मेरिमॅक कॉलेज २०१९ मध्ये डिव्हिजन टूमधून आलं. मार्च २०२३ मध्ये त्यांच्या पुरुष बास्केटबॉल संघाने नॉर्थईस्ट कॉन्फरन्सचा अंतिम सामना फेअरली डिकिन्सनविरुद्ध ६७-६६ असा जिंकला. संक्रमणाचं शेवटचं वर्ष होतं, त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेची जागा हरलेल्या फेअरली डिकिन्सनला मिळाली. त्या संघाने पुढे १६व्या मानांकनावरून अव्वल मानांकित पर्ड्यूला ६३-५८ असं हरवलं आणि देशभर नाव केलं. मेरिमॅकचे खेळाडू घरी बसून बघत होते. त्याच्या आदल्या वर्षी बेलार्माइनचं असंच झालं: अटलांटिक सन कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली आणि जागा जॅक्सनव्हिल स्टेटला गेली. उलट नॉर्दर्न केंटकी २०१२ मध्ये आलं आणि पात्र झालं त्याच पहिल्या हंगामात, २०१७ मध्ये, राष्ट्रीय स्पर्धेत पोचलं. म्हणजे काळ कटतो, पण त्या काळात शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना तो परत मिळत नाही. त्यांच्याकडे शेवटी पुन्हा येऊ.

आता जमाखर्च. तुमच्या आकाराच्या विद्यापीठासाठी उदाहरणादाखल आकडे मांडतो. समितीने तिथे आपले आकडे घालावेत.

डिव्हिजन टूला किमान १० खेळ पुरतात, डिव्हिजन वनला किमान १४ लागतात: मुलांचे सात आणि मुलींचे सात, किंवा मुलांचे सहा आणि मुलींचे आठ. म्हणजे चार नवे खेळ. कोच, प्रवास, साहित्य धरून प्रत्येकी तीन लाख म्हटले तरी १२ लाख. नव्या ६० पूर्ण स्कॉलरशिप, प्रत्येकी २८,००० डॉलरच्या, म्हणजे १६ लाख ८० हजार. प्रवास साडेआठ लाख. कोचेसची पगारवाढ १० लाख. यातला मोठा वाटा दोन बास्केटबॉल कोचचा असतो. कर्मचारी: नियमपालन पाहणारे, खेळाडूंचे शैक्षणिक सल्लागार, ट्रेनर, तिकीट आणि देणगी विभाग असे किमान १२ जण, भत्त्यांसह प्रत्येकी ८०,०००, म्हणजे ९ लाख ६० हजार. वैद्यकीय, विमा, खाणंपिणं, साहित्य चार लाख. प्रक्षेपण अडीच लाख. बेरीज ६३ लाख ४० हजार डॉलर, दर वर्षी. अर्जाची फी, जिमचं नूतनीकरण, स्कोअरबोर्ड यात धरलेलं नाही; तो एकदाचा खर्च.

प्रक्षेपणाकडे जरा नीट बघा. बऱ्याच कॉन्फरन्सचे सामने इंटरनेटवरून दाखवले जातात आणि ते चित्रीकरण यजमान विद्यापीठानेच ठरलेल्या दर्जाने करून द्यायचं असतं. कंट्रोल रूम, तीन-चार कॅमेरे, रिप्ले यंत्रणा, मैदानांपर्यंत फायबर, आणि वर्षाला शंभराच्या घरात सामने हाताळणारी माणसं. अहवालात हे 'टीव्हीवर झळकण्याची संधी' म्हणून येतं आणि खर्चाच्या रकान्यात दिसतच नाही.

उत्पन्न. बास्केटबॉल संघ नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोठ्या विद्यापीठांत जाऊन ठरावीक रक्कम घेऊन खेळतो आणि बहुधा हरून येतो. असे पाच सामने, प्रत्येकी ९०,००० धरले तर साडेचार लाख. संक्रमण संपल्यावर एनसीएए आणि कॉन्फरन्सकडून सहा लाख धरू. तिकीट आणि प्रायोजक मिळून चार लाख. एकूण साडेचौदा लाख. ६३ लाख ४० हजारांतून वजा केले तर जवळजवळ ४९ लाखांची तूट, आणि संक्रमणात ते सहा लाखही नसतात तेव्हा ५५ लाख. ८,००० विद्यार्थ्यांवर वाटली तर ४९ लाखांचे माणशी वर्षाला ६१२ डॉलर होतात.

'राष्ट्रीय स्पर्धेत पोचलो की पैसा येईल' हे वाक्य अहवालात असणारच. पुरुष बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेल्या एका सामन्यामागे मिळणारा वाटा सहा वर्षांत मिळून साधारण २० लाख डॉलरचा असतो, पण तो विद्यापीठाला नाही, कॉन्फरन्सला मिळतो आणि सदस्यांत वाटला जातो. दहा सदस्य असतील तर तुमच्या वाट्याला सहा वर्षांत दोन लाख, म्हणजे वर्षाला ३३ हजार. वर काढलेल्या प्रवासाच्या हिशेबाने विमानाच्या दोन फेऱ्याही धड होत नाहीत.

स्कॉलरशिपच्या रकान्यात दोन्ही बाजूंनी गफलत होते. क्रीडा खातं २८,००० डॉलर खर्च दाखवतं, पण विद्यापीठाला प्रत्यक्षात किती पडतात हे वसतिगृहात खाटा आणि वर्गात जागा रिकाम्या आहेत का यावर ठरतं. रिकाम्या असतील तर खरा खर्च जेवण, विमा, पुस्तकं एवढाच, बाकी नुसती वहीतली नोंद. जागा भरलेल्या असतील तर त्या खेळाडूमुळे पूर्ण फी भरणारा एक विद्यार्थी बाहेर राहतो आणि २८,०००चा खड्डा खराच पडतो. कोणती परिस्थिती तुमची आहे ते प्रवेश विभागाकडून लेखी घ्या.

याच मुद्द्याची दुसरी बाजू लहान विद्यापीठांना फार महागात पडते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. डिव्हिजन टू आणि थ्रीमध्ये संघ हे विद्यार्थी मिळवण्याचं साधन असतं. बेसबॉलच्या संघात ४० मुलं घ्यायची, नऊ स्कॉलरशिपइतके पैसे सगळ्यांत थोडेथोडे वाटायचे. उरलेली फी मुलं भरतात. संघाचा खर्च वजा जाता विद्यापीठाच्या हातात पैसे उरतात. डिव्हिजन वनमध्ये हे गणित उलटतं: स्कॉलरशिप मोठ्या आणि संख्येला मर्यादा. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या हाऊस खटल्यातल्या (खेळाडूंनी पैशांसाठी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या) तडजोडीनंतर तर ज्या विद्यापीठांनी ती व्यवस्था स्वीकारली त्यांच्यावर स्कॉलरशिपची संख्या नव्हे, संघाचीच संख्या बांधलेली आहे: बेसबॉल ३४, बास्केटबॉल १५, मुलींचा व्हॉलीबॉल १८. सहा फी भरणारी मुलं तिथेच कमी झाली. अहवालात 'संघवार निव्वळ फी' असा तक्ता नसेल तर तो मागून घ्या. आताच्या दहा संघांतून आज किती निव्वळ फी येते आणि डिव्हिजन वनमध्ये किती येईल, हे दोन रकाने शेजारी-शेजारी हवेत.

त्याच तडजोडीमुळे १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली; पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. तुमच्यावर एवढे देण्याची सक्ती नाही. पण मागच्या खेळाडूंना दहा वर्षांत द्यायच्या सुमारे २.८ अब्ज डॉलरच्या भरपाईचा मोठा हिस्सा एनसीएए सदस्यांच्या वाट्यातून कापते आहे, त्यामुळे अहवालात वाट्याचा आकडा २०२४च्या आधीचा असेल तर तो फुगलेला समजा. आणि एप्रिल २०२४ पासून खेळाडू कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच खेळू शकतात. तुम्ही दोन वर्षं घडवलेली चांगली खेळाडू वसंतात जास्त पैसे देणाऱ्या विद्यापीठाकडे जाते. कोचचंही तेच. वर चढणाऱ्या विद्यापीठाला ही गळती गृहीत धरूनच चालावं लागतं. कोचच्या करारात मुदतीआधी सोडून गेल्यास भरायची रक्कम नीट लिहून घ्या.

टायटल नाइन हा शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी करणारा १९७२ चा कायदा. त्याच्या कसोट्यांपैकी सगळ्यात जास्त वापरली जाणारी कसोटी अशी की विद्यार्थ्यांत मुलींचं जेवढं प्रमाण, जवळपास तेवढंच खेळाडूंत असावं. तुमच्याकडे मुली ५७ टक्के आणि खेळाडूंत ४८ टक्के असतील तर चार नव्या खेळांपैकी तीन तरी मुलींचे घ्यावे लागतील. खर्च वाचवायचा नेहमीचा मार्ग म्हणजे क्रॉस कंट्री, इनडोअर ट्रॅक आणि आउटडोअर ट्रॅक हे तीन खेळ त्याच मुलींच्या संघावर मोजणं. नियमाला ते चालतं, पण आकडे फुगवण्यासाठी केलं तर अंगाशी येतं. २०१० मध्ये क्विनिपिऍक विद्यापीठाच्या खटल्यात फेडरल न्यायालयाने ट्रॅकमध्ये बळेच नोंदवलेल्या क्रॉस कंट्रीच्या धावपटूंना वेगळ्या संधी म्हणून धरायला नकार दिला. खेळ खरा चालवायचा असेल तरच मोजा. आणि हे लोढणं म्हणून बघू नका; नव्या खेळांतून मुलींना संधी मिळणं हा या सगळ्या बेतातला सगळ्यात निखळ फायदा आहे. तो डिव्हिजन न बदलताही मिळवता येतो.

मग तूट भरणार कोण? फुटबॉल नसलेल्या डिव्हिजन वन विद्यापीठांत क्रीडाखर्चाचे ढोबळमानाने तीन-चतुर्थांश पैसे विद्यार्थी-फी आणि विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून येतात. ही फी सेमिस्टरच्या बिलात एका ओळीत असते आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही ती बऱ्याच ठिकाणी लागू होते. पुण्या-नागपूरहून कर्ज काढून एमएसला आलेला मुलगा दिवसाचे वर्ग आणि रात्रीची लॅब सोडून एकही सामना बघत नाही, तरी ६१२च्या हिशेबाने दोन वर्षांत १,२२४ डॉलर भरेल. त्याला सूट द्यायची का, हे आधीच ठरवा. व्हर्जिनिया राज्याने तर २०१५ मध्ये कायदाच केला: क्रीडाखर्चात विद्यार्थी-फी आणि विद्यापीठाचा निधी किती टक्के असावा यावर कमाल मर्यादा, डिव्हिजन वनच्या दोन फुटबॉल गटांपैकी खालच्या गटासाठी ७० टक्के आणि वरच्या गटात बड्या कॉन्फरन्सबाहेर असलेल्यांसाठी ५५. तुमच्या राज्यात असा कायदा नसला तरी सिनेटला तशी मर्यादा सुचवता येते.

फी योग्य रीतीने कशी लावावी याचा चांगला दाखला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया सॅन डिएगोचा. २०१२ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदानात वाढीव फी नाकारली आणि विद्यापीठ थांबलं. २०१६ मध्ये पुन्हा मतदान झालं, सुमारे ७० टक्के पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी टप्प्याटप्प्याने दर क्वार्टरला १६० डॉलरपर्यंतच्या वाढीला होकार दिला. २०२० मध्ये ते बिग वेस्ट कॉन्फरन्समध्ये गेले, म्हणजे एक हवाई सोडलं तर कॅलिफोर्नियातल्याच विद्यापीठांत, बहुतेक बसच्या टप्प्यात. फी भरणारे विद्यार्थी तीस हजारांच्या घरात. मार्च २०२५ मध्ये, पात्र झालेल्या पहिल्याच वर्षी, मुलांचा आणि मुलींचा दोन्ही बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत होते. त्यानंतर लगेच मुलांच्या संघाचे कोच न्यू मेक्सिकोला गेले. सगळं जमून आलेल्या ठिकाणीही हे होतं.

प्रवेश-अर्ज वाढतात का? थोडे वाढतात, जिंकणाऱ्यांचे. डेव्हिन आणि जॅरेन पोप यांच्या २००९ च्या अभ्यासात फुटबॉलमध्ये पहिल्या विसांत किंवा बास्केटबॉलमध्ये शेवटच्या सोळांत आलेल्या विद्यापीठांचे अर्ज २ ते ८ टक्क्यांनी वाढलेले दिसले. २००७ मध्ये डिव्हिजन वनमध्ये आलेलं फ्लोरिडा गल्फ कोस्ट २०१३ मध्ये १५व्या मानांकनावरून शेवटच्या सोळांत पोचलं. अहवालात हे नाव हमखास असतं. पण १५व्या मानांकनाचा संघ तिथवर पोचण्याची ती पहिलीच वेळ होती. अशा प्रसंगावर पगार, प्रवास आणि इमारतीचं कर्ज बांधता येत नाही. नुसतं डिव्हिजन वनचं नाव लावल्याने किती अर्ज वाढले, हा आकडा मागा. तो बहुधा दिला जाणार नाही. एनसीएएनेच करून घेतलेल्या २००५ च्या अभ्यासात जोनाथन आणि पीटर ऑर्स्झॅग या अर्थतज्ज्ञांनी डिव्हिजन टूमधून वर गेलेल्यांचा हिशेब पाहिला, तेव्हा खर्च वाढला पण निव्वळ आर्थिक फायदा दिसला नाही.

खाली परतलेल्यांकडेही बघा. हार्टफर्ड विद्यापीठाचा संघ मार्च २०२१ मध्ये इतिहासात पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेत गेला आणि मे महिन्यात त्याच विद्यापीठाच्या बोर्डाने डिव्हिजन थ्रीमध्ये जायचं ठरवलं. त्यांच्या सल्लागारांनी वर्षाला ९२ लाख डॉलर वाचतील असं काढलं होतं. पेनसिल्व्हेनियातलं सेंट फ्रान्सिस मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत खेळलं आणि आठवड्याभराने त्यांनीही तोच निर्णय जाहीर केला. सवाना स्टेट २०१९ मध्ये डिव्हिजन टूमध्ये परतलं. ही सगळी लहान, फीवर चालणारी किंवा तुटपुंज्या निधीची विद्यापीठं. याउलट मिशिगनमधलं ग्रँड व्हॅली स्टेट वीस हजारांहून जास्त विद्यार्थी असूनही डिव्हिजन टूमध्येच राहिलं, २००२ ते २००६ मध्ये फुटबॉलची चार राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली आणि डिव्हिजन टूचं सर्वंकष विजेतेपद वारंवार मिळवलं. राहण्यालाही प्रतिष्ठा असते, ती त्यांनी कमावली.

फुटबॉल सुरू करून आणखी वर जायचं कुणी बोलत असेल तर तो वेगळाच डोंगर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये वरच्या फुटबॉल गटाची अर्जाची फी ५,००० डॉलरवरून ५० लाख झाली आणि वर्षाला २१० स्कॉलरशिप, त्यावर किमान ६० लाख डॉलर खर्च अशी अट आली. आयडाहो २०१८ मध्ये त्या गटातून आपणहून खाली उतरलं. तुमच्या समितीने हा विषय अजेंड्यावरच घेऊ नये.

कागदपत्रं कुठली मागायची? पहिलं, एनसीएएला दर वर्षी जाणारा आर्थिक अहवाल, तुमचा आणि त्या कॉन्फरन्समधल्या पाच-सहा सरकारी विद्यापीठांचा. सरकारी विद्यापीठांचे हे अहवाल माहिती अधिकाराखाली मिळतात. फेडरल सरकारच्या संकेतस्थळावर समानता-कायद्याखाली जाहीर होणारे क्रीडा-आकडे कुणालाही दिसतात, पण त्यांच्यावर विसंबू नका: बरीच विद्यापीठं तिथे उत्पन्न आणि खर्च तंतोतंत सारखे दाखवतात, कारण विद्यापीठाने घातलेली भरही उत्पन्नातच मोजलेली असते. एनसीएएच्या अहवालात 'विद्यार्थी-फी' आणि 'संस्थेकडून थेट मदत' या दोन ओळी वेगळ्या असतात. त्या काढा, एकूण खर्चाने भागा, आणि मग बोला. दुसरं, सल्लागाराच्या गृहीतकांची यादी आणि प्रत्येकाचा वाईटातला वाईट आकडा: देणग्या वाढल्याच नाहीत तर, विद्यार्थी दहा टक्क्यांनी घटले तर, कॉन्फरन्समधले दोन जवळचे सदस्य निघून गेले तर. तिसरं, सल्लागाराचं काम कुणी मंजूर केलं आणि विद्यापीठ डिव्हिजन वनमध्ये गेल्यास त्याला पुढचं काम मिळणार आहे का, हे.

इतकं करूनही बोर्ड जायचंच ठरवत असेल तर ठरावात अटी घाला. विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून जाणाऱ्या रकमेला डॉलरमध्ये कमाल मर्यादा. ती सलग दोन वर्षं ओलांडली तर आपोआप फेरविचार. पाचव्या वर्षी सिनेटपुढे पूर्ण हिशेब. खाली उतरायलाही वेळ लागतो हे बोर्डाला आधीच सांगा: हार्टफर्डने २०२१ मध्ये ठरवलं आणि डिव्हिजन थ्रीच्या कॉन्फरन्समध्ये खेळायला २०२३ उजाडलं. तोवर दोन्हीकडचा ताण.

आणि आत्ता संघात असलेली मुलं. डिव्हिजन टूमध्ये निम्म्या स्कॉलरशिपवर आलेली, तिथल्या राष्ट्रीय स्पर्धेचं स्वप्न बघणारी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलगी संक्रमणात सापडते: जुनी स्पर्धा बंद, नवी मिळायची नाही, आणि नवा कोच तिच्या जागी दुसरी आणणार. तिच्यासाठी तीन गोष्टी लेखी हव्यात. संघातून वगळलं तरी पदवी होईपर्यंत स्कॉलरशिप कायम. दुसरीकडे जायचं असेल तर अडवणूक नाही आणि क्रेडिट-हस्तांतराला मदत. आणि यापुढे येणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या पत्रात, इंग्रजीत आणि ठळक अक्षरात, कोणत्या वर्षापर्यंत एनसीएएची अंतिम स्पर्धा खेळता येणार नाही ते वर्ष. परदेशातून येणाऱ्यांच्या पत्रात एक ओळ आणखी: एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर असताना प्रसिद्धीतून किंवा विद्यापीठाकडून मिळणारे पैसे घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं. भारतातून टेनिस, गोल्फ, पोहण्यासाठी येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना हे बहुतेक वेळा कुणी सांगत नाही, आणि चुकलं तर खेळच नाही, व्हिसाही हातचा जाऊ शकतो.